पाटावरचा कॉम्प्युटर

मी झेंडूचं फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं आणि कॉम्प्युटरमधून चट्ट असा आवाज आला. निळी ठिणगी उडाली. त्याचा फिरणारा पंखा थांबला. पडद्यावर टॉवेलाचं चित्र होतं, ते गेलं. जळक्या वायरीचा वास घरभर झाला. हळद वाहून झाली होती, कुंकू वाहून झालं होतं. अक्षता वाहायच्या होत्या, त्या मुठीतच राहिल्या.

सून आतून पळत आली. हात कणकेनं भरलेले. तिनं कोपरानं भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पाटाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडं. ती मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"आत्या, काय केलंत हे?"

"पूजा केली."

"चालू कॉम्प्युटरवर?"

"मला काय म्हाईत, चालू हाय का बंद. तू आत गेलीस की."

हे खोटं होतं. पंखा फिरत होता आणि मला दिसत होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि विषय संपला असता. ती खाली बसली आणि पाटाकडं बघत राहिली.

त्या दिवशी खंडेनवमी होती, दुसऱ्या दिवशी दसरा. माझी सून घरी बसून टॉवेलाची डिझाइनं काढते. पूर्वी कारागीर चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगानं भरायचे, तसं ती कॉम्प्युटरवर भरते. ते जेकार्डच्या मागाला दिलं की कापडावर फुलं उमटतात. अक्कलकोट रोडच्या एका कारखानदारानं नवा माग आणला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्या मागावर पहिलं डिझाइन चढणार होतं आणि ते त्यानं सुनेकडं मागितलं होतं. खंडेनवमीच्या संध्याकाळी पाचच्या आत. पहिलं डिझाइन ज्याचं, पुढचं सगळं काम त्याचं, असं तो फोनवर बोलला होता. वेळेत नाही आलं तर दुसरा माणूस तयार होता. तोपर्यंत सुनेला लोकांच्या जुन्या डिझाइनांची दुरुस्तीच मिळायची, स्वतःचं डिझाइन कुणी घेत नव्हतं. हे पहिलं होतं. आणि मी सकाळी अकरा वाजता त्याच्यावर पाणी शिंपडलं.

आता कुणीही विचारील, कॉम्प्युटरच्या आत पाणी गेलं कसं? कॉम्प्युटर डब्यात असतो. आमचा डब्यात नव्हता, पाटावर होता. तो पाटावर का होता ते सांगते, कारण त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

त्या डब्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात. काहीजण सीपीयू म्हणतात. मी डबा म्हणते, कारण तो डबाच असतो. आमचा जुना डबा काळा होता आणि जमिनीवर ठेवलेला होता. भवानी पेठेत आमच्या घराच्या दोन्ही अंगांना माग आहेत. दिवसभर कापसाची धूळ घरात येते. मी दर शनिवारी फरशीवर बादलीनं पाणी टाकून खराट्यानं धुते. त्या पाण्यानं डब्याचा तळ खाल्ला. एक दिवस सुनेनं डबा उचलला तर डबा वर आला आणि तळ फरशीवर राहिला. आत उंदरानं टॉवेलाच्या सुताचं घर केलं होतं. घर चांगलं मऊ होतं. उंदराला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं की हा डबा आता कॉम्प्युटरच्या कामाचा नाही.

आतलं सामान धड होतं. फक्त डबा पाहिजे होता. आम्ही दोघी नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. विकतोही तोच आणि दुरुस्तीही तोच करतो. त्यानं एक डबा समोर आणून ठेवला. एका बाजूला सगळी काच. बटण दाबलं तर आतले पंखे लाल, निळे, हिरवे व्हायला लागले.

"ह्ये काय, गणपतीचा मांडव हाय का?" मी विचारलं.

"आजी, आता असंच येतंय. गेमिंगचा हाय."

"आमाला टॉवेल करायचेत."

"साधा येतच न्हाई की आता. आला तरी टिकत न्हाई."

"मग ह्याच्या आत काय काय देतोस?"

"आत काय न्हाई, आजी. नुसता कॅबिनेट."

"रिकामा?"

"रिकामाच असतो."

त्यानं किंमत सांगितली. मी ती त्याला परत सांगायला लावली, मला वाटलं कमी ऐकू आलं. साडेतीन हजार, रिकाम्या डब्याचे. सून म्हणाली, दोन वर्षांमागं साधा डबा याच्या निम्म्यात मिळत होता. तो म्हणाला, पत्रा महागला, काच महागली, गाडीभाडं वाढलं, माल बाहेरून येतो, आमच्या हातात काय आहे?

"काच काढून ठेव आणि तेवढे पैशे कमी कर," मी म्हणाले.

"काच काढली तर बाजू उघडी पडंल, आजी."

"मग दिवे काढ."

"दिवे काढून स्वस्त होत न्हाई."

"म्हंजे दिवे फुकट लावलेत व्हय?"

"फुकट न्हाई, पण..."

तो पण म्हणून थांबला. त्याला पुढचं येत नव्हतं. मलाही अजून आलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे असेल. पण पस्तीस वर्षं मी टॉवेलाच्या कारखान्यात काठ शिवले, धागे कापले, घड्या घातल्या. टॉवेलाला झालर लावली तर झालरीचे पैसे लागतात आणि झालर काढली तर तेवढे कमी होतात, एवढं मला कळतं. घरी माझ्याकडं वीस किलो ज्वारीचा डबा आहे. त्याचा पत्रा या डब्याच्या दुप्पट जाड आहे, झाकण असं बसतं की मुंगी आत जात नाही. तो मी सहा-सातशेला घेतलेला. आणि तो विकणाऱ्यानं त्यात दिवे लावले नव्हते.

महिन्यानं परत गेलो. आता चारशे जास्त सांगितले. डबा तोच. काचेवर मागच्या वेळी मी बोट टेकवलं होतं, त्याचा ठसा तसाच उमटलेला होता. मी त्याला तो दाखवला. म्हणाले, महिनाभर धूळ खाल्ली त्याचे चारशे का? तो हसला. 

मुलगा पुण्याला गाडी चालवतो. तो फोनवर म्हणाला, "दुकानात कशाला जाता, मोबाइलवरून मागवा, स्वस्त पडतं." मागवला. खोक्यातून डबा निघाला तेव्हा एक कोपरा चेपलेला आणि काचेचा भुगा. परत पाठवायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मुलाचा एकही फोन डब्याबद्दल आला नाही.

मग सुनेनं साबणाचं खोकं घेतलं. कात्रीनं भोकं पाडली, आत सामान ठेवलं, चिकटपट्टी लावली. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी चिकटपट्टी गरम होऊन सुटली आणि खोक्याची बाजू पंख्यात गेली. मग भंगारातून एक डबा आणला. कुठल्यातरी ऑफिसातला होता, मजबूत होता, किंमतही बरी. घरी आणून बघितलं तर स्क्रूची भोकं जुळेनात. सून म्हणाली, हा मोठ्या कंपनीचा डबा आहे, यात त्याच कंपनीचं सामान बसतं. म्हणजे डब्यालाही जात आली. त्यात आता मी कांदे ठेवते. कांद्यांना चांगली हवा लागते, एवढंच त्याचं चांगलं.

पाट मी दिला. ती कल्पना माझीच. सागवानी पाट होता, खाली पाय असलेला, देव्हाऱ्यापुढं टाकायचा. मी म्हणाले, डबा नसला तर नसू दे, ह्याच्यावर मांड. सुनेनं बाटल्यांची बुचं खाली ठेवून वर ती हिरवी पाटी मांडली, तिला बोर्ड म्हणतात, शेजारी हार्ड डिस्क, शेजारी वीज देणारी वायरींची पेटी. सगळं उघडं. चालू केलं तर झकास चाललं. गरमही होईना. काम झालं की बंद करून वर चादरीचा तुकडा टाकायची. तीन महिने असंच चाललं. मी दुकानदाराला मनातल्या मनात रोज एक शिवी देत होते आणि चार हजार वाचवले म्हणून खूश होते.

आता माझ्या हाताचं सांगते. कारखान्यात दर खंडेनवमीला आम्ही माग पुसायचो, शिलाईची मशिनं पुसायचो, कात्र्या धुऊन ताटात ठेवायचो. हळदकुंकू, फूल, आणि फुलानं पाणी शिंपडायचं. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुहूर्त करून मग सुरू. पस्तीस वर्षं हेच केलं. मागावर पाणी शिंपडलं म्हणून माग कधी बंद पडला नाही. आणि घरी पाटावर जे मांडतो, त्याच्यावर पाणी शिंपडल्याशिवाय पूजा होत नाही. जुना डबा होता तेव्हा मी डब्यावर शिंपडायची. पाणी पत्र्यावरून ओघळून जायचं, कुणाला काही कळायचं नाही. डबा पाण्यासाठीही असतो हे मला डबा गेल्यावर कळलं.

त्या दिवशी सकाळी सून आठ वाजताच कामाला बसली. मी म्हणाले, "आज हत्यार धरत न्हाईत."

"आत्या, पाच वाजता द्यायचंय. उद्या मागावर चढणार हाय."

"मग काल करायचं की."

"काल तुमीच जळमटं काढायला लावली दिवसभर."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. "पूजा झाल्याबिगर चालू करायचं न्हाई," मी म्हणाले. ती म्हणाली, "बरं, तुमी दुपारनं करा पूजा, तवर माझं होतंय." दुपारी! साडेदहाला ती कणीक मळायला आत गेली, पडद्यावर चित्र तसंच ठेवून. मी म्हटलं, आता काय ते करूनच टाकते. दोन थेंबांनी काय होतंय. हे मी रागानं केलं, भक्तीनं नाही. भक्तीनं केलं असतं तर आधी बंद केलं असतं.

झालं ते झालं. सून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "दुकानात जाऊ." पाट उचलला तसाच. रिक्षात ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, पाट दोघींच्या मांडीवर. हिरव्या पाटीवर हळदकुंकू, मधे एक झेंडूची पाकळी. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"कुठल्या देवाचं हाय ओ, मावशी?"

"पुढं बघून चालव," मी म्हणाले.

नवी पेठेत दसऱ्याची गर्दी. कापडवाले, सोनेवाले, झेंडूचे ढीग. पाट आडवा धरून आम्ही माणसांतून वाट काढत दुकानात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दुकानदारानं सगळ्या कॉम्प्युटरना माळा घातल्या होत्या. काउंटरवर ताट. त्यात स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कैची, सगळ्यांना कुंकू. त्याच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर नारळ ठेवलेला.

त्यानं पाट बघितला. हळदकुंकू बघितलं. मग सुनेला विचारलं, "ताई, ह्याच्यावर पाणी कुणी घातलं?"

सून म्हणाली, "माझ्याच हातनं सांडलं. पूजा करताना."

मी मान वळवली. समोर भिंतीवर कुठल्यातरी बँकेचं कॅलेंडर होतं, ते वाचत राहिले.

"बोर्ड गेलाय हा," तो म्हणाला. "पण डिस्क वाचली असंल. तिला कंपनीनंच पत्र्याचा डबा घातलेला असतोय. पाणी आत जात न्हाई."

"मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा की," सून म्हणाली. "मला एक फाइल पायजे फक्त. पाचच्या आत पाठवायची हाय."

"ताई, आज खंडेनवमी. मी हत्यार धरत न्हाई. परवा या."

"परवा काय करू मी?"

"बापाच्या वेळपासून धरत न्हाई ओ. पूजेतलं कसं उचलू?"

सुनेनं पाट दोन खुर्च्यांवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बघत होती. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं, म्हातारी आहे, रीत हिला कळते, ही आपल्या बाजूनं बोलेल. सकाळी मी तेच बोलले होते, शब्दाला शब्द.

मी ताटातला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"आजी! ते पूजेतलं हाय!"

"तू धरू नकोस. मी धरते. तू नुसतं तोंडानं सांग."

"अवो, पाप लागंल."

"मला लागंल की, तुला कुटं लागतंय. कुठला स्क्रू?"

गिऱ्हाईक हसलं. दुकानदार हसला नाही. त्यानं नारळ उचलून बाजूला ठेवला, तेवढ्याला हत्यार लागत नव्हतं. त्याचा बिलाचा कॉम्प्युटरही तसल्याच काचेच्या डब्यात होता. जो डबा मला घ्यायला परवडत नव्हता, तो मी त्याच्या दुकानात उघडला. मागच्या बाजूला चार स्क्रू. कुंकवानं मूठ निसटत होती. मी पदराला पुसली.

"उलटं फिरवा, आजी. उलटं. डावीकडं."

"माझं डावं का तुझं?"

"तुमचं! हां. सावकाश. काच हाय ती, साडेतीन हजाराची हाय."

"मागं चार सांगत होतास."

काच निघाली. मग दोन वायरी. एक रुंद, एक अरुंद. त्या सुनेनं लावल्या, तिला कळतं. डिस्क काउंटरवर तशीच ठेवली. बटण दाबायला दुकानदार तयार नव्हता, तेही मीच दाबलं. आतले दिवे लागले, लाल, निळे, हिरवे. डिस्क बारीक घरघरली. मला ज्वारीच्या जात्याची आठवण झाली वगैरे काही नाही. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळावर होतं.

फाइल उघडली नाही, कारण ते डिझाइन उघडायला वेगळं काहीतरी लागतं आणि ते त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. पण फाइल होती. सून म्हणाली, "साडेनऊला सेव्ह केल्याली हाय." म्हणजे साडेनऊ ते साडेदहा जे केलं ते गेलं. एका बाजूच्या काठावरच्या कोयऱ्या भरायच्या राहिल्या होत्या. तिनं बोटांवर उरलेला वेळ मोजला आणि फाइल तशीच पाठवून दिली. मग फोन करून तिथल्या माणसाला सांगितलं की आली का बघा. आली होती. दुकानाचं नेट सारखं तुटत होतं, त्यात दोन तास गेले; साडेचार वाजले होते.

दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मी काय केलंच न्हाई तर कशाचे घेऊ? आजी, दसऱ्यानंतर कामावर येता का?"

"तू काय पगार देणार. रिकामे डबे विकतोस," मी म्हणाले.

आम्ही पाट घेऊन परत आलो. घरी मळलेली कणीक वाळून दगड झाली होती. तिनं ती फेकली आणि दुसरी मळली.

दसऱ्याला मुहूर्तावर तेच डिझाइन मागावर चढलं. दुपारी कारखानदाराचा फोन आला. एका बाजूचा काठ मोकळा आहे, हे काय काम झालं? मला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होतं. सून नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. मुहूर्ताचा माग मधे थांबवायचा नसतो, म्हणून त्यांनी तो दिवसभर तसाच चालवला. पाच-सहा डझन टॉवेल मोकळ्या काठाचे निघाले. नंतर तिनं ओळखीच्या एका डिझाइनवाल्याकडं बसून काठ पुरा करून दिला. कारखानदार रागावला होता, पण पुढच्या आठवड्यात दुसरं काम त्यानं तिलाच दिलं. मोकळ्या काठाचे दोन टॉवेल त्यानं आमच्या घरी पाठवले. ते टोमणा म्हणून पाठवले की भेट म्हणून, ते मला माहीत नाही. एकाला मी पाय पुसते.

आता दुसरा बोर्ड आणायचा होता आणि डबा. बोर्ड त्याच दुकानात जुना मिळाला. डब्याचं विचारलं तर दिवाळीमुळं आणखी वाढले होते. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

बाजारामागच्या बोळात पत्र्याच्या पेट्या करणारा एक चाचा बसतो. माझ्या लग्नातली पेटी त्याच्या बापानं केलेली. मी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्याकडं गेले.

"चाचा, एक पेटी करायची."

"लग्न की क्या, भाभी?"

"कॉम्प्युटरची."

त्यानं हातोडी खाली ठेवली. "कॉम्प्युटर का लगीन कराते क्या?"

मी वर्तमानपत्रावर सुनेनं काढलेलं माप दिलं. म्हणाले, जाड पत्रा घाल, वर झाकण ठेव आणि मागं-पुढं भोकं पाड. लई भोकं. हवा जायला पाहिजे.

"पेटीकू भोकां?" तो म्हणाला. "भाभी, चालीस साल से पेटी बनातूं. एक भोक रह्या तो लोगां गाली देते. तुम बोलते भोकां डालो?"

"डाल. मी गाली देत न्हाई."

"अन् कुलूप?"

"कुलूप कशाला?"

"कुलूप बिना पेटी मैं देताच नहीं."

चार दिवसांनी पेटी झाली. हिरव्या रंगाची, वर कडी-कोयंडा, बाजूला धरायची मूठ, झाकणावर त्यानं आपल्या मनानं एक गुलाब काढलेला. नवी पेठेतल्या डब्याच्या तिसऱ्या हिश्शात. घरी आणून बघितलं तर मागची भोकं उलट्या बाजूला. चूक माझी. मी वर्तमानपत्र त्याच्यापुढं पालथं धरलं होतं. परत नेली. तो म्हणाला, "अब दोनों तरफ भोकां. अब ये पेटी नहीं, चाळणी है." पण करून दिली.

एवढ्यानंही झालं नाही. पहिल्या दिवशी पत्र्याला हात लावला तर मुंग्या आल्या. सुनेनं अर्थिंगची हिरवी वायर जोडल्यावर थांबलं. पंखा चालू झाला की झाकण थरथरतं, म्हणून त्याखाली टॉवेलाची घडी घालावी लागते. पेटी दोघींनी मिळून उचलावी लागते. मी ती दोन विटांवर ठेवली आहे, फरशी धुते म्हणून. चांगली आहे असं मी म्हणणार नाही. चालते. पण एका रिकाम्या डब्यासाठी माणसानं साबणाचं खोकं, भंगार, पाट आणि पेटीवाला इतकं हिंडायचं, आणि मग लोकांनी म्हणायचं की आता सगळं घरबसल्या मिळतं, याचा मला राग येतो. दुकानात तो काचेचा डबा अजून आहे. मागच्या महिन्यात गेले होते. किंमत परत वाढली आहे.

आणखी एक राहिलं. आमच्या बोळात आता अशी गोष्ट झाली आहे की सुनेनं कॉम्प्युटरवर चहा सांडला. चहा कुठून आला ते कुणाला माहीत नाही. दिवाळीला मुलगा आला तेव्हा फराळाला बसल्यावर तिला म्हणाला, "कॉम्प्युटरपाशी चहा घेऊन बसू नको म्हणून कितीवेळा सांगितलंय तुला." ती चकल्यांचा डबा उघडत होती. तिनं डबा उघडला आणि त्याच्यापुढं ठेवला. मी शेजारीच बसले होते. मी चकली खाल्ली.

मी तोंडावर बोलते असं सगळे म्हणतात. त्या दोन वेळा बोलले नाही.

चहा नव्हता. तिच्या हातून काही सांडलं नव्हतं. त्या वेळी घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी सून. तिचे हात कणकेत होते. तांब्या माझ्या हातात होता.